थेंबाची वाट

"मग इंजिनाच्या ब्लॉकलाच चीर गेलीय, असं आप्पांना सांगाल ना, उस्ताद?"

दस्तगीर उस्ताद जुन्या डिझेल गाडीच्या बॉनेटवर वाकलेले होते. मिरजेतल्या याच पत्र्याच्या शेडमध्ये निरंजन काम शिकला होता. आता सांगलीत त्याचं स्वतःचं मोठं गॅरेज होतं.

गाडी त्याच्या वडिलांची, पस्तीस वर्षं वापरातली. ती भंगारात द्यायच्या कागदावर आप्पा सही करेनात. दस्तगीर म्हणाला तरच करीन, म्हणाले.

उस्तादांनी ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

"पाणी मिसळतंय."

"ते मलाही कळलं. दोनदा इंजिनाचं हेड उघडलं, त्याखालचं गॅस्केट नवं घातलं. परत तेच. मग ब्लॉकच की."

"तपासलंस कसं?"

"इंजिन चालू ठेवून. दोन तास समोर उभा होतो. काही सापडलं नाही."

"आणि बंद केल्यावर?"

"बंद केल्यावर काय... हात धुतले."

"साबण चांगला ठेवतोस. मघाशी वास आला."

उस्तादांनी इंजिनाखालचा बोल्ट काढून सगळं ऑइल उतरवलं. भोकाखाली पांढरी परात ठेवली. रेडिएटरच्या तोंडाला पंप जोडून पाण्यावर दाब दिला. मग एक डबा पालथा घालून त्यावर बसले.

"किती वेळ, उस्ताद?"

"घाई तुला आहे. तिला नाही."

निरंजनने दोनदा घड्याळ पाहिलं...

टप्.

परातीत रेडिएटरच्या पाण्याचा हिरवा थेंब.

"बघा. ब्लॉक."

"थेंब बघितलास. आता त्याची वाट बघ."

उस्ताद उठले. इंजिनाच्या कुशीतला तळहाताएवढा ऑइल कूलर त्यांनी सोडवला. त्यातून एकीकडून ऑइल जातं, दुसरीकडून रेडिएटरचं पाणी. मध्ये फक्त पातळ पत्रा.

"हा काढला होतास?"

"दोन्ही वेळा. पुसून परत बसवला. तो बिचारा थंड करायचं काम करतो, त्याला काय होणार?"

उस्तादांनी कूलर बादलीत बुडवला. पाण्याच्या एका तोंडावर अंगठा दाबला, दुसऱ्यात सायकलच्या पंपाची नळी धरली.

"मार."

निरंजनने पंप मारला.

ऑइलच्या भोकातून बुडबुडे आले. एक, मग चार, मग माळच.

तो बघत राहिला.

"इंजिन चालू असताना ऑइलचा जोर जास्त," तो हळूहळू म्हणाला. "पाण्याला शिरता येत नाही. बंद केलं की तो जोर जातो, पाणी मात्र अजून तापलेलं..."

"आणि तू नळावर."

निरंजन मान खाली घालून हसला.

संध्याकाळपर्यंत नवा कूलर बसला. पुन्हा पंप, पुन्हा परात. तासभर दोघे समोरासमोर बसले. निरंजनने घड्याळ पाहिलं नाही. परात कोरडी राहिली.

इंजिन आतून धुऊन त्यांनी नवं ऑइल भरलं. गाडी पंढरपूर रस्त्याला दूरवर पळवून आणली, बंद केली आणि पुन्हा वाट बघितली. मग निरंजनने पट्टी ओढली.

मधासारखं ऑइल.

त्याने पट्टी दोनदा पुसली, दोनदा बुडवली. दोन्ही वेळा मध.

"उस्ताद... भंगारचा कागद?"

"दे इकडे." उस्तादांनी त्याच कागदाला पट्टी पुसली.

निरंजन कोपरापर्यंत काळा झाला होता. तो नळाकडे वळला.

"नळ राहू दे," उस्ताद म्हणाले. "आप्पांना किल्ली याच हातांनी दे."