गोजराची शेवटची ओळ

‘माझ्या बहिणीची गाणी अख्खा मुलूख गातो, मग तिच्या चुलीत जाळ का नव्हता?’

फार मागच्या काळी, डोंगरांच्या कुशीतल्या एका राज्यात, एका धाकट्या भावानं हा प्रश्न भेटेल त्याला विचारला होता. पुजाऱ्याला विचारला, वैद्याला विचारला, पाणवठ्यावरच्या बायकांना विचारला. कुणी मान खाली घातली, कुणी आभाळाकडं बघितलं. पुढं त्यानं काय केलं ते पोरांनो ऐका, आणि थोरांनो, तुम्हीही ऐका.

हा भाऊ शाळेत तीन दिवस गेला होता. तिसऱ्या दिवशी पंतोजींनी छडी उगारली, यानं पाटी भिरकावली, आणि शिक्षण तिथंच संपलं. आईबाप लवकर गेलेले. थोरल्या बहिणीनं त्याला वाढवलं. ती गाणी रचायची. तिचं नाव गोजरा.

त्या राज्यात गाणं घ्यायची एक रीत होती. ज्याला गाणं हवं, त्यानं रचणाऱ्याच्या ओट्यावर जायचं, बसून ते तोंडपाठ करायचं, आणि उठताना ओंजळभर दाणे ठेवायचे. प्रत्येक गाण्याच्या शेवटी रचणाऱ्याच्या नावाची ओळ असे. गोजराची ओळ अशी होती:

गोजरा म्हणते, टेकडीखाली माझं घर,
गाणं ने ओटीभर, दाणे ठेव ओंजळभर.

गाणं कितीही लांब गेलं, तरी ते कुणाच्या दारातून निघालं हे सांगत जायचं.

मग राजधानीत गीतकोठार उघडलं. कोठाराची माणसं रचणाऱ्यांकडून गाणी शिकून न्यायची आणि आपल्या दारात लोकांना शिकवायची. लोकांची सोय झाली. डोंगर चढायला नको, उतरायला नको. पण कोठाऱ्यानं एक हुशारी केली. प्रत्येक गाण्यातली नावाची ओळ त्यानं कापली आणि तिथं कोठाराच्या नावाची ओळ जोडली. रचणाऱ्यांना वर्षाकाठी एक पोतं धान्य पाठवलं, की त्याचं काम झालं.

कोठाराच्या खिडकीबाहेर चिंचेचं झाड होतं, आणि झाडावर साळुंक्यांचा थवा. ऐकून ऐकून त्या सगळी गाणी शिकल्या आणि गावोगाव फुकट गाऊ लागल्या. कोठाराच्या नावाची ओळ त्यांना बेचव वाटली. ती त्यांनी टाकूनच दिली. आता कोठारात कोण जाणार? कोठाऱ्यानं पोती पाठवणं बंद केलं. ‘साळुंक्यांकडं मागा,’ म्हणाला.

गोजराच्या घरातले दाणे संपले. मग ती स्वतः गावोगाव चालत जाऊन गाऊ लागली. लोक म्हणायचे, ‘बाई, हे तर आमच्या छपरावरची साळुंकी रोज म्हणते.’ एका थंडीत ती तापानं फणफणत परत आली, आणि चौथ्या दिवशी गेली.

तिच्या तेराव्याला एक गुराखी तिचंच गाणं म्हणत दारावरून चालला होता. भावानं धावत जाऊन त्याची मानगूट धरली.

‘कुणाचं गाणं आहे हे?’

‘साळुंक्यांचं! दुसऱ्या कुणाचं? सोड की मला!’

भाऊ तसाच अनवाणी राजधानीत गेला. कोठाऱ्यानं त्याला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. ‘पोरा, तुझ्या बहिणीला साळुंक्यांनी खाल्लं बघ. हे जाळं घे. सगळ्या धर आणि घरी कोंडून ठेव. माझी माणसं येऊन माना मुरगळतील.’

थांबून विचार करणं भावाच्या स्वभावात नव्हतंच. संध्याकाळी थवा चिंचेवर परतला की तो जाळं टाकायचा. आठ दिवसांत झाड रिकामं झालं. त्यानं तीनशे साळुंक्या डालग्यांत कोंडल्या, गाडीवर घालून घरी आणल्या, आणि ओट्यावर डालग्यांची उतरंड रचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्याला गेला. पाणवठा मुका होता. रहाट नुसता करकरत होता. एक बाई कडेवरचं मूल थोपटत गाणं म्हणायला गेली, अडखळली आणि शेजारणीला म्हणाली, ‘पुढचं कडवं काय गं? साळुंकीमागं म्हणायची सवय, एकटीला आठवतच नाही बघ.’

भाऊ घागर घेऊन तिथंच उभा राहिला. ते कडवं गोजराचं होतं. परवापर्यंत ती कुठं ना कुठं गात होती, कुणाच्या तरी छपरावर, कुणाच्या तरी शेतात. आज त्यानं आपल्या हातानं तिचा आवाज बंद केला होता. ती गेल्यापासून तो रडला नव्हता. त्या सकाळी पायरीवर बसून तो सगळ्यांदेखत मोठमोठ्यानं रडला.

घरी आला तर म्होरकी साळुंकी डालग्याच्या फटीतून बघत होती.

‘आता का रडतोस? चांगला शिकारी आहेस की!’

‘गप्प बस, चोरटे!’

‘बरं, चोर तर चोर. पण तुझ्या बहिणीचं नाव आम्ही नाही कापलं. ते आमच्या कानावर कधी आलंच नाही. कुणी कापलं, ते जाळं देणाऱ्याला विचार.’

भावानं डालग्याजवळ तोंड नेलं. ‘आणि तुम्ही? इतकी गाणी गायलीत. ही रचली कुणी, असं एकदा तरी विचारलंत?’

साळुंकीनं चोच पिसांत खुपसली. ‘नाही विचारलं,’ ती हळूच म्हणाली. ‘फुकट मिळत होतं. विचारायचं सुचलंच नाही.’

‘मग आता शिका.’

भावाचा गळा म्हणजे गंजलेली कडी. त्यानं गोजराची ओळ म्हणायला सुरुवात केली आणि तीनशे साळुंक्या खो खो हसल्या.

‘अरे, याच्यापेक्षा बेडूक बरा!’

‘हसा,’ भाऊ म्हणाला. ‘ओळ पाठ झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.’

तो म्हणत राहिला. त्याचा घसा बसला, तरी तो म्हणत राहिला. ‘टेकडीखाली’वर त्याचा सूर दर वेळी घसरायचा, आणि साळुंक्याच त्याला सावरायच्या. तिसऱ्या दिवशी हसणं थांबलं. म्होरकी म्हणाली, ‘झाली पाठ. आता तू थांब बाबा, आमचे कान दुखले.’

तेवढ्यात कोठारी माणसं घेऊन दारात आला. ‘चल, आण ती डालगी.’

‘देत नाही.’

‘अरे, जाळं आमचं!’

‘जाळं घेऊन जा. पण आधी माझ्या बहिणीचं गाणं म्हणून दाखवा. शेवटपर्यंत.’

कोठारी हसला आणि गायला. छान गायला. शेवटी कोठाराच्या नावाची ओळ आली.

‘आणि तिचं नाव?’

‘गेलेल्या बाईच्या नावाचं आता काय करायचंय? नावानं काय पोट भरतं?’

‘त्याच नावानं भरत होतं!’ भाऊ ओरडला. ‘ते कापलंत म्हणून तिच्या दारी कुणी आलं नाही!’ आणि त्यानं एका लाथेत उतरंड पाडली.

झाकणं उडाली. तीनशे साळुंक्या कोठाऱ्याच्या पागोट्यावरून वर गेल्या, आणि गोजराचं गाणं गात, शेवटच्या ओळीसकट, चारी वाटांनी पांगल्या.

आठ दिवसांत टेकडीखालच्या ओट्यावर पहिली ओंजळ पडली. मग रोज पडू लागली. लोक कोठाराच्या दारात विचारू लागले, ‘हे गाणं कुणाचं? ते कुणाचं?’ उत्तर मिळालं नाही तर परत फिरू लागले. शेवटी कोठाऱ्याला कापलेल्या ओळी शोधत डोंगर चढावे लागले. आणि नाव गाळून गाणाऱ्या साळुंकीला कुणी छपरावर बसू देईना.

पण कोठाऱ्याला ओळी सापडेपर्यंत वाट बघायला भाऊ तयार नव्हता. डोंगरात गोजरासारखेच रचणारे आणखी बावीस जण होते, आणि त्यांच्या चुली थंड होत्या. ज्याला एक सूर धड लागत नव्हता, तो बावीस उंबऱ्यांवर जाऊन बसला आणि प्रत्येकाची नावाची ओळ शिकला. शेवटची ओळ एका म्हाताऱ्या धनगराची होती. तिला नऊ दिवस लागले. धनगरानं दोनदा कपाळावर हात मारला, तरी हा उठला नाही. ओट्यावरचे दाणे टिपायला येणाऱ्या साळुंक्यांना तीही ओळ शिकवून झाली, तेव्हा बहिणीच्या ओट्यावर साठलेलं सगळं धान्य त्यानं गाडीत भरलं आणि त्या बावीस घरांत पोचवून दिलं.

बोध: गाणं सगळ्यांच्या ओठी जाऊ द्यावं, पण रचणाऱ्याचं नाव आणि त्याचा घास वाटेत गाळू नये.