घसरआळी आणि तीन विद्वान

फार जुन्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. एका वर्षी तिथल्या खालच्या आळीत घरांच्या भिंतींना भेगा पडू लागल्या. लोक घाबरले. राणीने तीन विद्वान पाठवले: दगडमातीचा अभ्यास करणाऱ्या एक बाई, झाडांचा एक जाणकार आणि भाषेचे एक पंडित.

तिघांनी आपापल्या नजरेने तो डोंगर पाहिला आणि राणीपुढे येऊन भांडायला लागले.

"आतला कातळ भक्कम आहे. कुणी हलायची गरज नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, उतारावरची झाडं बुंध्याशी वाकलीत! माती सरकतेय. सगळं गाव उठवा," झाडांचा जाणकार म्हणाला.

पंडित म्हणाले, "त्या आळीचं नाव घसरआळी. बायका जात्यावर गातात, डोंगर उतरला नि माणसं थारमाळावर गेली. म्हणजे हा डोंगर पूर्वीही घसरलाय."

"गाण्यांवरून डोंगर कळतो होय?" दोघं हसले.

राणी वैतागली. "मग मी लोकांना सांगू काय? एकमत होईपर्यंत तिघंही घसरआळीतच राहा!"

आळीतल्या हौसाआजींनी त्यांना घरात घेतलं. जेवायला वाढताना त्या म्हणाल्या, "आमी जायला तयार हाय. नातवंडांना घेऊन कुटं जायचं, तेवढं सांगा."

बाईंच्या मनात तो प्रश्न रात्रभर घोळत राहिला. सकाळी त्या झाडांच्या जाणकाराला म्हणाल्या, "तुमची ती झाडं दाखवता? मी त्यांच्याच सावलीत बसले होते, पण लक्ष सगळं दगडांकडे."

झाडांच्या मुळाशी त्यांनी खणलं. कातळ घट्टच होता. पण त्यावर ओल्या चिकणमातीचा थर होता आणि वरची माती त्यावरून हळूहळू घसरत होती.

"म्हणजे आपण दोघंही बरोबर होतो!" जाणकार म्हणाला.

"पण लोकांनी जायचं कुठे?" बाई पंडितांकडे वळल्या. "तुमचा तो थारमाळ कुठला हो?"

पंडितांनी म्हाताऱ्या बायकांना विचारून माळ शोधला. तिथे कातळ थेट जमिनीवर आला होता आणि झाडं सरळ उभी होती.

घसरआळीने तिथे नवी घरं बांधली. पावसाळ्यात डोंगराची कड कोसळली. जुनी घरं गाडली गेली, पण त्यात माणूस नव्हतं.

मग राणीने तिघांना दुसऱ्या डोंगरावर पाठवलं. या वेळी ते एकाच वाटेने चढले. वाद घालत, पण मध्येच थांबून, "हे पाहिलंत का?" असं एकमेकांना विचारत.

तात्पर्य: प्रत्येक विद्येला निसर्गाची एक बाजू दिसते. दुसऱ्याला काय दिसलं हे जो विचारतो, त्याला निसर्ग अधिक कळतो.