काच आणि डबी

“...आणि हा प्रकाश तेव्हा असता, तर माझी आई वाचली असती का, चाचा?”

प्रबुद्धनं विचारलं. इस्माईलचाचा नमुन्याची काच पुसत राहिले.

डोंगरावरच्या क्षयरुग्णालयात चाळीस वर्षं ते थुंकीतले जंतू शोधत आले होते. प्रबुद्ध सूक्ष्मदर्शकातून पाहायला शिकला तो त्यांच्याच हाताखाली. मग सात वर्षं परदेशात काढून तो एक रसायन घेऊन परतला होता. साखरेला जोडलेला रंग. क्षयाचा जिवंत जंतू ती साखर खातो आणि अंधारात उजळतो. तिकडे पहिला जंतू उजळला, तेव्हा त्याला आठवला तो तोंडावर घट्ट धरलेला आईचा पदर.

आईचा नमुना तीनदा तपासला होता. तिन्ही वेळा ‘जंतू नाहीत’. चौथ्या खेपेला ती उरली नाही.

“पाहू तुझा दिवा,” चाचा म्हणाले.

सकाळी एका बाईनं दिलेल्या डबीतला थेंब प्रबुद्धनं काचेवर घेतला, रसायन घातलं. तासाभरानं वाकून पाहिलं. सगळा अंधार.

“हिला क्षय नाही,” तो ठामपणे म्हणाला.

चाचांनी डबी खिडकीशी तिरकी धरली. आतलं पाण्यासारखं वाहिलं.

“नुसती लाळ आहे. छातीतलं काहीच नाही.”

दुसरी, रिकामी डबी घेऊन ते बाहेर गेले. प्रबुद्ध मागोमाग. बाई लिंबाखाली बसली होती. आजार निघाला तर नवरा कायमचं माहेरी सोडून येईल, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. चाचांनी तिला समजावलं नाही. थोडं अंतर राखून ते मातीतच बसले आणि सून दिसली की आपली अम्मी कशी मुद्दाम खोकायची, ते करून दाखवू लागले.

बाई हसली. हसता हसता खोकला आला, पार छातीच्या तळातून. तोंड फिरवून तिनं डबी भरली.

या वेळी काचेवर हिरव्या ठिणग्याच ठिणग्या होत्या.

प्रबुद्ध आनंदानं उठला... आणि तसाच उभा राहिला.

“म्हणजे आईनंही... तिन्ही वेळा लाळच?”

“काचा मीच पाहिल्या होत्या,” चाचा म्हणाले. “डबीकडे पाहिलं नव्हतं.”

...

काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत प्रबुद्ध बोलू लागला. हा प्रकाश तो आणखी प्रखर करणार होता. इतका, की कुणाची आई...

चाचांनी त्याच्या हातात रिकामी डबी ठेवली.

“बाहेर अजून चौघी बसल्यात. जा, हसवून ये.”