मास्तरांचं ऊन

“मग यात माझं काय आहे, मास्तर?”

उमाकांत शेडबाळेनं विचारलं आणि पुण्याहून गाडीच्या मागच्या सीटवर जपून आणलेलं ओलं चित्र भिंतीला टेकवलं.

कासीम मास्तर चित्राजवळ सरकले. मिरजेच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली होती. उमाकांतच्या हातात पहिला ब्रश त्यांनीच दिला होता.

तोच उमाकांत आता नावाजलेला चित्रकार होता. आपल्यावर कोणाकोणाचे संस्कार झाले, ते मुलाखतींत मोठ्या ऐटीत सांगायचा. मागच्या प्रदर्शनात मात्र एका कॉलेजच्या मुलीनं त्याच्या चित्रांपुढं उभं राहून मैत्रिणीला सगळं उलगडून दाखवलं. हे अमक्यांचं, हे तमक्यांचं. ती कुठंच चुकली नाही, आणि हे महाशय मागं उभे राहून ऐकत होते.

तेव्हापासून त्याची झोप उडाली. पुढचं प्रदर्शन तोंडावर आलं तरी हे एकच चित्र झालं होतं. यातही आपलं काही नसेल तर ब्रश कायमचा ठेवून देतो, असं तो बायकोला सांगून निघाला होता. ती नको म्हणाली नाही. तेच त्याला जास्त लागलं.

“दुसऱ्याचं असेल ते काढून टाक की,” मास्तर म्हणाले. “मग बघू.”

उमाकांतनं रंग खरवडायची सुरी काढली.

निळा रंग बडोद्याच्या सरांचा होता. तो गेला. माणसांचे टपोरे डोळे कोकणातल्या चित्रकथींच्या जुन्या चित्रांतून घेतलेले, तेही गेले. जाड काळी रेषा त्यानं परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयात पाहून उचलली होती. तिच्यावरून त्यानं सुरी दोनदा फिरवली. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर रंगांचा चिखल साचत गेला.

शेवटी चित्रातल्या दारातून आत आलेलं ऊन तेवढं कोपऱ्यात उरलं.

सुरी थांबली.

“हे कोणाचं?”

“तुमचं.”

“मग...?”

“हे राहू द्या, मास्तर. एवढं तरी.”

मास्तरांनी मान हलवली. “माझं नाही ते. माझ्या उस्तादांचं. मी जन्मभर तेच काढत आलो... ते खरवडायचा मला कधी धीर झाला नाही.”

उमाकांतनं त्यांच्याकडं पाहिलं. मग तोंड फिरवून त्यानं ते ऊनही खरवडलं.

आता कॅनव्हासवर नुसते मळकट डाग होते. तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. भीती खरी ठरली होती. इतकी वर्षं, इतकं नाव, आणि आत कोणीच राहत नव्हतं.

“बघितलंत? काही नाही... कुठंच काही नाही.”

मास्तर भिंतीला धरून उठले. डागांवरून त्यांनी बोट फिरवलं. सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

“उमा... एवढं खरवडायला तुला कोणी शिकवलं?”