बांधलेला डावा हात

सांगा बरे, तुमचे मन उद्या कुठे वळेल हे एका पाखराने आजच पाहून ठेवले असेल, तर उद्या तुम्ही काय कराल?

एका राज्यात अरिंजय नावाचा तरुण राजा होता. मायावी कालकेतूच्या शापाने तो सिंहासनावरच पाषाण झाला. उतारा भारद्वाज पक्ष्याच्या डोंगरावर होता. तेथे दोन घडे. उघड्या घड्यातल्या पाण्याने एकच अवयव जिवंत होई. झाकलेल्या घड्यातल्या पाण्याने सबंध देह. पण माणूस घराचा उंबरा ओलांडी, तेव्हाच भारद्वाज त्याचे मन पाही. हा फक्त झाकलेला घडा नेईल असे दिसले, तरच तो भरी. दोन्ही नेईल असे दिसले, तर रिकामा ठेवी. त्याचे पाहणे कधी चुकले नव्हते.

तीन सरदार शपथ घेऊन गेले. डोंगरावर तिघांनाही शहाणपण सुचले, 'भरला असेल तर भरलाच आहे. मग दोन्ही का नेऊ नयेत?' तिघांच्याही झाकणाखाली राख निघाली. उघड्या पाण्याने राजाचे डोळे उघडले, जीभ सुटली, उजवा हात हलला. काळीज मात्र थंड पडत चालले.

थोरली बहीण रेणुमती निघाली.

"ताई, तूही तिथे जाऊन शहाणी होशील," राजा म्हणाला.

"होऊ नये म्हणूनच हे," असे म्हणून तिने डावा हात पदरात गुंडाळला आणि नवसाची गाठ मारली. त्या राज्यात अशी गाठ ज्याच्यासाठी नवस, त्यानेच दोन्ही हातांनी सोडायची असे.

डोंगरावर भारद्वाज म्हणाला, "दुसरा घडा दातांत धर."

"नको."

"उघड्या पाण्याने भावाचे काळीज नक्की वाचेल."

"नको."

"झाकलेला हलवून बघ. आवाज येतो का?"

आवाज आला नाही. वजनही लागले नाही.

"घडा कालच भरला वा राहिला, बाई! आता तुझ्या हट्टाने काय बदलणार?"

"घडा नाही बदलणार. पण इथे तुझे ऐकणारी बाई तुला उंबऱ्यावरच दिसली असती. ती मी नव्हे."

फक्त झाकलेला घडा घेऊन ती वळली आणि डोंगर उतरली.

दरबारात तिने झाकण काढले. घडा काठोकाठ भरला होता, म्हणून वाजला नव्हता. मंतरलेल्या पाण्याला वजन नसते. तिने तो भावाच्या मस्तकावर रिता केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरिंजयाने दोन्ही हातांनी बहिणीच्या पदराची गाठ सोडली आणि दरबार भरवला.