पाठ नसलेला क्रूस

पाणवाडीच्या नाक्यावर रिक्षातून उतरता उतरता पाहुण्यांच्या कानावर अर्धीच गोष्ट पडते. "तो क्रूस ना, एका बाईसाठी आपणहून फिरला. आणि तिचा समुद्रात हरवलेला नवरा..." एवढ्यात मागचा गाडीवाला भोंगा वाजवतो, रिक्षावाला पुढे सरकतो आणि गोष्ट तिथेच तुटते. मग पाहुणे आळीत येतात, क्रूसाला हात लावून बघतात आणि शेवटी आलेसबाबांच्या ओट्याशी येऊन विचारतात, की बाबा, फिरला म्हणजे कसा फिरला? आलेसबाबा आळीतले सगळ्यात जुने. ते आधी पाणी देतात, तुम्ही कुठले, कोणाच्या घरचे, घरी कोण कोण, सगळं विचारून घेतात. मग सांगतात. त्यांचं सांगणं असं.

आधी क्रूस नीट बघा. वसईच्या पट्ट्यात गावोगाव क्रूस आहेत. बहुतेकांवर एका अंगाला खिळे, शिडी, कोंबडा असं काही ना काही कोरलेलं असतं, ते त्याचं तोंड. पाणवाडीच्या क्रूसावर काहीच नाही. सगळीकडून कोरा दगड. आणि त्याच्याभोवतीची जमीन बघा, रहाटाचा बैल फिरून झिजावी तशी गोल झिजलेली.

फार पूर्वी इथे, वाटेच्या मधोमध, सागाचा क्रूस होता म्हणे. वाटेच्या उगवतीला कातरीनचं घर, मावळतीला इनेसचं. दोघी जावा. कातरीन थोरली, पास्कूची बायको. इनेस धाकटी, दुमिंगची. दोघे भाऊ एकाच पडावावर, म्हणजे मालाच्या गलबतावर, मीठ आणि सुकवलेली केळी भरून वरच्या बंदरांना जात. एका खेपेला वादळ झालं आणि पडाव आला नाही.

दोघी जावांनी एकाच क्रूसापुढे एकच नवस केला. माणूस सुखरूप येऊ दे, वर्षभर क्रूसाच्या दिव्याला तेल पुरवू. मेणबत्ती लावली कातरीनने. शब्दही कातरीनचे. इनेसला नीट बोलता येईना, ती नुसती मागून म्हणत गेली.

आणि आला तो दुमिंग. कुणा परक्या होडीने त्याला किल्ल्याच्या बंदरावर उतरवलं. पास्कू आला नाही.

कातरीनने जावेला मिठी मारली, डोळे पुसले, लोकांना गूळपाणी दिलं. लोक म्हणाले, काय मन आहे बाईचं! पण मनातली गोष्ट निराळी होती. इनेसच्या घरातून भाकरीचा वास आला की ही खिडकी लावून घ्यायची. तिच्या दोरीवर पुरुषाचा सदरा वाळत दिसला की हिला तो ओढून काढावासा वाटायचा. शब्द माझे आणि दान तिला! आता हे आतलं बाहेर कसं कळलं म्हणून विचारू नका. आमच्याकडे भिंतींपेक्षा कुंपणांना कान जास्त.

त्यात तिला एक प्रश्न छळायचा. लहानपणापासून पाद्रीबाबांनी शिकवलेलं, की देव पालटत नाही. जसा पहिल्यापासून आहे तसाच शेवटपर्यंत. पटकीच्या साथीत ह्याच पास्कूचा प्राण तिने ह्याच क्रूसापुढे मागून घेतला होता. तेव्हा ऐकणारा आता कसा ऐकेना? तो पालटला म्हणावं तर शिकवण खोटी. नाही पालटला म्हणावं तर मग तिच्यातच काही खोट.

एक दिवस दारात उभी असताना तिला एकदम दिसलं. क्रूसाचं कोरलेलं तोंड इनेसच्या दाराकडे होतं आणि तिच्या दाराकडे त्याची पाठ. आजेसासऱ्यांच्या वेळेपासून तसंच होतं, पण इतकी वर्षं नजरेला आलं नव्हतं. देव पालटला नसेल, ती मनाशी म्हणाली, पण तिकडे वळून बसला असेल तर?

पावसाआधी क्रूस खोबणीतून उपसून, लाकूड कुजू नये म्हणून उंडीचं तेल पाजून पुन्हा उभा करायची आळीची रीत होती. ज्या घराची पाळी, त्या घराने तेल द्यायचं, उपसणाऱ्यांना जेवू घालायचं. त्या वर्षी पाळी कातरीनची. तिने जेवणाबरोबर ताडीही सढळ हाताने वाढली. सांजेला पुरुषमंडळी क्रूस उचलून उभी राहिली आणि तोंड कुठे होतं ह्यावर थोडा घोळ झाला. कातरीन शांतपणे म्हणाली, "इकडे." खोबण चौकोनी, कसाही बसेल. क्रूस बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीत एकच गलका, की क्रूस फिरला. ज्यांनी तो बसवला होता ते मान खाली घालून आपापल्या कामाला लागले. ताडीच्या भरात आम्हीच उलटा बसवला, असं बायकांपुढे कोण कबूल करणार? त्यापेक्षा चमत्कार बरा. मग काय, शेजारच्या आळ्यांतून लोक मेणबत्त्या घेऊन आले, कातरीनच्या पाया पडले. कातरीन खोटं बोलली नाही. खरंही बोलली नाही. देव आता माझ्या दाराकडे बघतोय, आता पास्कू येणार, म्हणून तिने उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायला सुरुवात केली.

पाऊस सरला, पडाव पुन्हा सुटले, परत आले. तांब्यातलं पाणी ती रोज केळीला घालायची आणि रोज नवं भरायची.

आणि इनेसचं काहीच बिघडलं नाही. तिची पानवेल हिरवीच. क्रूसाची पाठ वाट्याला आली तरी ती रोज संध्याकाळी येऊन त्या पाठीपुढे उभी राही, ओठ हलवी आणि घरी जाई. कातरीन कुंपणाआडून बघे आणि जळे. नवरा घरी आणून दिला, आता आणखी काय मागते ही?

शेवटी न राहवून अबोली खुडायचं निमित्त करून ती जवळ सरकली. इनेसच्या ओठांवर पास्कूचं नाव होतं.

कातरीनचा तोल गेला. "माझ्या नवऱ्याचं नाव तुझ्या तोंडात कशाला?"

"मग कोणाचं घेऊ, जाऊबाई?"

"तुझा आला ना घरी? माझं मागणं मी मागेन. एवढं एक तरी माझ्याकडे राहू दे."

इनेस बाजूला झाली. "मागा. इथे उभ्या राहून मागा. तुम्ही आमच्या अंगणात पाय ठेवल्याला वर्ष झालं, म्हणून तुम्हाला माहीत नाही. भाऊजी आल्याशिवाय माझाही परत येत नाही."

कातरीन हट्टाने तिच्या जागी उभी राहिली. समोर क्रूसाची पाठ, आणि त्यापलीकडे कातरीनचं स्वतःचं दार. उंबऱ्याशी भरलेला तांब्या. इनेसला रोज हे दिसत होतं तर. मग मागून, इनेसच्या ओट्यावरून दुमिंगचा आवाज आला. तो कुणाशी बोलत नव्हता. भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होता, "दादा, दोर धर. दादा, धर ना." थांबायचा आणि पुन्हा तेच.

पास्कू कुठे आहे ते कातरीनला तिथे कळलं. आणि ज्या घराचा ती जीव जाळून हेवा करत होती, त्या घरात काय आलं होतं तेही कळलं. असं सांगतात, की ती सांज होईपर्यंत तिथून हलली नाही. स्वतःसाठी मागायला गेली होती, पण मागितलं ते भलतंच. म्हणाली, "ह्याला तरी घरी आण."

त्या दिवसापासून ती रोज पलीकडे जाऊन उभी राहू लागली. हेवा लगेच गेला असं कोणी सांगत नाही. सदरा वाळत दिसला की अजून टोचायचं, म्हणे. पण ती जायची.

पुढल्या वर्षी तेल पाजायची पाळी इनेसच्या घराची होती. कातरीन तिच्या अंगणात तेल लावत होती, तेव्हा दुमिंग ओट्यावरून उठला, खाली आला आणि कातरीनच्या हातातला तेलाचा बोळा घेऊन म्हणाला, "वहिनी, दोर माझ्या हातातून सुटला."

कातरीनने तेलाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "समुद्राने सोडवला. तू तेल लाव." आणि दुमिंग रडत रडत तेल लावू लागला. त्या संध्याकाळी तो घरी जेवायला बसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बायकोकडे मीठ मागितलं. इनेसने आळीभर सांगितलं, की ह्यांनी मीठ मागितलं.

पुढे त्या लाकडाला वाळवी लागली. आळीने दगडाचा क्रूस करायचं ठरवलं. पाथरवटाने विचारलं, तोंड कोणत्या अंगाला काढू? त्यावरून दोन्हीकडच्यांची जुंपली. तेव्हा म्हातारी कातरीन काठी टेकत पुढे आली.

"काढू नका," ती म्हणाली. "तोंड काढलं की पाठ होते. त्या वर्षी तो मी फिरवला, ह्या हातांनी नसेल, पण माझ्या बोलण्याने. लाकूड फिरलं. तो होता तिथेच होता. त्याला पाठ असती, तर पाठीमागून मागितलेलं त्याने ऐकलं असतं का?"

पाथरवटाने छिन्नी खाली ठेवली. तसाच कोरा दगड उभा राहिला.

आजही पाणवाडीत संध्याकाळी कोणी आपल्या दारासमोर उभं राहून मागत नाही. क्रूसाला वळसा घालून पलीकडे जायचं, समोरच्याच्या जागी उभं राहायचं, आधी त्याच्या घरासाठी मागायचं आणि मग स्वतःसाठी काही उरलं तर मागायचं. त्या वळशांनीच जमीन झिजली आहे. सध्या दोन्ही घरांचं कुंपणावरून फाटलंय, एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. पण दिवेलागणीला दोन्हीकडून एकेक जण निघतो, वाटेत खांद्याला खांदा घासतो, न बोलता पलीकडे जातो आणि ज्याच्याशी बोलत नाही त्याच्यासाठी मागतो.

तर नाक्यावर जे ऐकलंत ते अगदीच खोटं नाही, आलेसबाबा म्हणतात. क्रूस फिरला होता, फक्त आपणहून नाही. आणि समुद्रात हरवलेला माणूसही परत आला. तो कातरीनचा नव्हता, एवढंच.