निळीचं पोट

"नट फिरवला की मी वर-खाली होतो, तू मात्र जन्मभर एकाच उंचीवर," स्वस्तातला कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंगवाला शॉकअप, चाकावर बसणाऱ्या बुटक्या स्प्रिंगला टोमणे मारत होता. गाड्यांना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. मालकाला हौस म्हणून आपली निळी गाडी उंची कमी करून जमिनीलगत हवी होती, आणि तिला खाली आणायचा मान गॅरेजातल्या या दोघांनाही हवा होता.

"पहिल्याच चिखलात तुझा नट गंजेल, मेल्या," स्प्रिंग म्हणाली. "मग तूही एकाच उंचीवर."

निळीला गावातले गतिरोधक आठवले, ज्याने त्याने आपापल्या दारापुढे मनाला येईल तेवढे उंच घातलेले. आहे त्या उंचीवरही त्यांच्यावरून जाताना तिचं पोट जेमतेम घासायचं वाचत होतं.

"दोघंही माझ्या पोटाला बांधून घ्या," ती म्हणाली, "गावातून एक चक्कर मारू, आणि परत आल्यावर ज्याला हसू येईल त्यालाच मी बसवून घेईन."